घंटेची घोडी

एल मोयार, २० जून १८१७

श्रीमती ब्रिहिदा आरांदा यांस,

माझ्या नवऱ्याच्या काही वस्तू आपल्याकडे राहिल्या आहेत, त्यासाठी हे पत्र. त्या पुढीलप्रमाणे: त्यांचे खोगीर, खोगिराला दोन्ही बाजूंनी बांधायची कातड्याची झापडे, भाला, लाल पोंचो, लगाम आणि मिस्तोल घोडा. पोंचो धुतला असल्यास हरकत नाही. नसल्यास तसाच पाठवावा.

दुसरे असे की, अपोलिनार आपल्या आवारातील चॅपेलशेजारी पुरले गेले ते घाईमुळे. तेव्हा स्पेनच्या राजाची फौज साल्ता शहरात होती, रस्त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून मी काही बोलले नाही. आता फौज परत गेली आहे. पाद्रेंशी मी बोलले आहे. नोव्हेंबरात मृतांचा दिवस झाला की त्यांना एल मोयारला आणावे, अशी माझी इच्छा आहे. त्यांचे घर इथे आहे.

त्या दिवशी आपल्याकडून निरोप आला आणि मी पोचले, तोवर सगळे आटोपले होते. आपण त्यांना धुतले होते, स्वच्छ सदरा घातला होता, केस विंचरले होते. भांग डावीकडून पाडला होता. ते उजवीकडून पाडत. मी तो बदलला, हे आपण पाहिलेत. तेव्हा आपल्याला वाईट वाटले असेल तर माझा इलाज नव्हता.

नऊ दिवसांच्या प्रार्थनेला पंचक्रोशीतल्या बायका आल्या होत्या. मी पेले भरत होते. माझी पाठ होती म्हणून दोन्या पेट्रोनाला वाटले, मला ऐकू येत नाही. ती शेजारणीला म्हणाली, "काही म्हण बाई, मरताना माणूस बरोबर आपलं घर शोधतो. अर्ध्या कोसावर लग्नाची बायको, आणि हा गडी अडीच कोस गेला मेहुणीच्या दारात मरायला." शेजारीण म्हणाली, "हळू बोल." पेट्रोना म्हणाली, "मी हळूच बोलतेय."

मी पेले भरले. एकही सांडला नाही.

वस्तू आपल्या माणसाबरोबर पाठवाव्यात. कासियानोला तिकडे पाठवणे मला सोयीचे नाही.

त्रान्सितो


एल मोयार, ११ जुलै

श्रीमती ब्रिहिदा आरांदा यांस,

घोडा आणि वस्तू पोचल्या. पोंचो धुतलेला आहे.

सोबतची चिठ्ठी वाचली. "घोडा पाठवला आहे. त्याला इतक्यात लगाम घालू नका. नुसत्या गळदोरावर ठेवा, तोंडात लोखंड नको." घोड्यांतले आपल्याला कळते, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे. पण घोडा आता माझा आहे आणि त्याला लगाम कधी घालायचा हे मी ठरवीन. तसाही घालणार कोण? मी स्वार नाही. आपण नऊ वर्षांच्या असताना बिनखोगिराच्या घोड्यावर नदी ओलांडत होतात आणि मी सात वर्षांची असताना मठातल्या बहिणींकडे अक्षरे गिरवत होते. वडिलांनी एकीला घोडे दिले, एकीला पुस्तके दिली. त्यांना वाटले असेल, वाटणी सारखी झाली.

लगामाबद्दल लिहायचे होते. डावी वादी अपोलिनारच्या हातची आहे. आठ पेडांची, घामाने काळी झालेली. उजवी कोरी आहे, चार पेडांची. ही वीण मला ओळखू येते, ती आपली आहे. म्हणजे त्यांची उजवी वादी आपण ठेवून घेतली. आठवण म्हणून ठेवायची असेल तर ठेवा. पण सांगून ठेवावी. मेलेल्या माणसाची वस्तू न विचारता ठेवायला आपण त्यांच्या कोण?

हे वाक्य खोडायचे होते. कागद एकच आहे, म्हणून राहू देते.

दोन दिवसांपूर्वी गावात घंटा वाजवल्या. तुकुमानला स्वातंत्र्य जाहीर केल्याला वर्ष झाले. दोन्या पेट्रोनाने सर्वांना सारण भरलेल्या एम्पानाडा वाटल्या. माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुमच्या मालकांसारख्यांमुळे हा दिवस दिसला हो." मी म्हटले, "हो." ती म्हणाली, "ब्रिहिदाबाई कशा आहेत?" मी म्हटले, "माहीत नाही."

त्रान्सितो


एल मोयार, ३ ऑगस्ट

श्रीमती ब्रिहिदा आरांदा यांस,

मिस्तोल पुन्हा आपल्याकडे आला असेल. महिन्याभरात ही तिसरी वेळ. या वेळी कुंपणाच्या दोन काटेरी फांद्या मोडून गेला आणि छातीला ओरखडे काढून घेतले असतील. पहिल्या दोन्ही वेळा तो परत आला तेव्हा त्याची आयाळ विंचरलेली होती. आपण त्याला काय खायला घालता ते कळवावे, म्हणजे मीही घालीन.

कासियानोला मी चांगलेच फैलावर घेतले. म्हटले, "एवढी वर्षं तू घोडे सांभाळतोस, एक घोडा तुला राखता येत नाही?"

तो येर्बाचा काढा नळीने ओढत बसला होता. उठलासुद्धा नाही. म्हणाला, "मालकीणबाई, घोडा माणसाकडं जात नाही. घंटेकडं जातो."

"म्हणजे?"

"म्हणजे सेनिसा घोडी तिकडं आहे. सेनिसाच्या गळ्यातल्या घंटेवर हे बारा घोडे वाढलेत. ती चरेल तिथं ते चरतात, ती झोपेल तिथं झोपतात. हे खोरं राखलं ते भाल्यांनी नव्हे, असल्या घोड्यांनी राखलं. स्वाराचा घोडा दमला की त्यानं लगाम सोडायचा, घोडा आपसूक घंटेच्या घोडीकडं येतो. तिथं ताजा घोडा तयार. राजाच्या लोकांकडं तोफा होत्या, पण घंटेची घोडी नव्हती. त्यांचा घोडा दमला की ते पायदळ." आणि वर हसून म्हणाला, "तुम्ही मिस्तोलला सोन्याच्या गोठ्यात बांधा. कान तिकडंच राहणार."

तो म्हातारा नेहमी आपली बाजू घेतो. वडिलांच्या वेळेपासून घेतो.

सेनिसा आपल्याकडे आहे ती फेब्रुवारीपासून. तेव्हा राजाची फौज खाली उतरते आहे अशी बातमी होती आणि एल मोयार रस्त्याला लागून आहे. एक घोडी पकडली असती तर मागून सगळा कळप गेला असता. आपले पोसो वेर्दे झाडीत आहे. म्हणून पाठवली. सर्वांना ते पटले होते.

मिस्तोलला परत पाठवावे.

त्रान्सितो


एल मोयार, १४ सप्टेंबर

ब्रिहिदा,

परवा अपोलिनारच्या पथकातले सार्जंट गोरोसितो आले होते. फौज पुन्हा येणार म्हणतात, त्यांना घोडे हवे आहेत. मी सांगितले, घोडे माझे असले तरी पोसो वेर्देला आहेत. ते म्हणाले, "ठाऊक आहे. पण विचारायचं तर मालकिणीला विचारावं." चांगला माणूस आहे. डाव्या हाताची दोन बोटे नाहीत. चार वाट्या मक्याचे लोक्रो खाल्ले आणि मग बोलायला लागले.

मी काही विचारले नव्हते. तेच सांगत होते, एप्रिलमधले दिवस कसे होते. "फौज शहरात, आम्ही बाहेर. ते राजे आणि आम्ही भुते. त्यांना दाणावैरणीला बाहेर पडायचं तर आमच्यातून जायचं. दोनशे माणसं चाऱ्याला निघाली की आम्ही वीस जण दोन बाजूंनी काटेरी झाडीतून उठायचो. भाल्याच्या दांड्यांनी खोगिराच्या कातडी झापडांवर असा धडाधड ठोका धरायचा, की त्यांना वाटावं पाचशे आलेत. ते रांग लावेतो आम्ही त्यांची खेचरं घेऊन गायब. बाई, शेवटी शेवटी त्यांनी स्वतःचे घोडे खाल्ले. ज्यानं आपला घोडा खाल्ला, तो लढाई हरलाच."

मग म्हणाले, "अपोलिनार सगळ्यांत पुढं असायचा. तुम्ही सोसलंत."

मी विचारले, "त्या दिवशी काय झालं?"

ते म्हणाले, नदीच्या उतारावर गाठ पडली. सकाळची वेळ. मांडीत गोळी लागली. रक्त बरेच होते, पण माणूस शुद्धीत होता, उलट चेष्टा करत होता. गोरोसितोंनी आपला कमरपट्टा त्यांच्या मांडीला बांधला आणि म्हटले, बरोबर येतो. तर म्हणाले, "तू आलास तर खेचरं कोण नेईल, तुझी आजी? मी घरी जातो, नीट बांधून घेतो, दुपारपर्यंत येतो."

"घरी म्हणाले?"

"हो."

"कुठल्या घरी?"

गोरोसितोंनी चमचा खाली ठेवला. मग हसायला गेले आणि हसले नाहीत. "बाई," म्हणाले, "माणसाला घरं किती असतात?"

मी त्यांना पाचवी वाटी वाढली.

त्या उतारावरून वाट एकच आहे. सुकलेल्या कॅरोबच्या झाडापाशी ती फुटते. उजवीकडे वळले की अर्ध्या कोसावर एल मोयार. सरळ गेले की अडीच कोसांवर तुम्ही. शुद्धीत असलेला, मांडी फुटलेला माणूस जवळचे घर सोडून लांबच्या घरी जातो, ते का जातो? गेले साडेचार महिने मी हेच विचारते आहे, पण तुम्हाला विचारले नव्हते. आज विचारते. तुम्ही त्यांना खाली उतरवलेत. तेव्हा ते जिवंत होते. ते काय बोलले?

मला खरे उत्तर हवे आहे. गोड नको.

त्रान्सितो


एल मोयार, १७ ऑक्टोबर

ताई,

तुझे उत्तर पोचले. एका ओळीसाठी तू माणूस तीन कोस पाठवलास. "काही बोलला नाही. पोचला तेव्हा बोलायच्या पलीकडे होता." तू लहानपणीही खोटे बोलताना असेच थोडके बोलायचीस. आईने विचारले होते, साखर कोणी खाल्ली, तर तू म्हणाली होतीस, "मुंग्या."

आज "तुम्ही" लिहिणे जमत नाही. दमले आहे.

मृतांचा दिवस पंधरा दिवसांवर आला. अपोलिनारचे हे पहिले वर्ष. पहिल्या वर्षी जीव घरी येतो, त्याच्यासाठी पान वाढायचे, हे मी तुला सांगायला नको. पिठाचा घोडा भाजायचा, म्हणजे येताना-जाताना त्याला पायपीट नको. मी ऐकले आहे की पोसो वेर्देलाही पीठ दळायला दिले आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. त्यांचे पान इथे वाढले जाईल. तू वाढू नकोस. दोन घरी पाने मांडली तर जीव वाटेत अडकतो. एकदा गेले तुझ्याकडे. आणखी एकदा मी जाऊ देणार नाही.

लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते. एरवी मी बोलणार नाही आणि तू विचारणार नाहीस.

अपोलिनार पहिल्यांदा आपल्याकडे आले ते घोडे बघायला. तुझे घोडे. मी ओसरीवर शिवत होते. तीन रविवार ते तुझ्याशी कुंपणापाशी बोलत उभे राहिले आणि आईने तुझ्या लग्नासाठी कापड काढून ठेवले. चौथ्या रविवारी त्यांनी मला मागितले. का, ते मला अजून ठाऊक नाही. विचारले तर म्हणायचे, "तू गप्प असतेस ना, मला ऐकू येतं." तू काही बोलली नाहीस. लग्नात तू आम्हाला सेनिसा दिलीस, गळ्यात घंटा बांधून, आणि तिच्यामागे एका रंगाचे बारा घोडे. तुझ्या हातावर वाढलेले. लोक म्हणाले, केवढे मन! मलाही तसेच म्हणावे लागले.

ताई, सहा वर्षे माझ्या अंगणात तुझी घंटा वाजली. पहाटे त्यांना जाग यायची ती तिने. डोळे उघडायच्या आधी ते हसायचे. म्हणायचे, "सेनिसा उठली." मी शेजारी असायचे. मीही उठलेली असायचे.

मी त्या घंटेत गवत कोंबायचे. तुम्ही घोडेवाले गनिमाजवळून जाताना आवाज होऊ नये म्हणून कोंबता, तसे. ते सकाळी काढायचे आणि कासियानोवर चिडायचे. कासियानोने कधी माझे नाव सांगितले नाही.

फेब्रुवारीत बातमी आली तेव्हा मीच म्हटले, सेनिसाला ताईकडे पाठवू. ते म्हणाले, "घोडी दाराशी हवी. घोडे ती असेल तिथं जाणार." मी म्हटले, "मग उद्या राजाचे लोक येऊन सगळंच घेऊन जाऊ देत." ते उठून सेनिसाच्या मानेवरून हात फिरवून आले. मग म्हणाले, "तुझं बरोबर असेल." आणि नेऊन सोडली. राजाच्या लोकांची मला भीती नव्हती असे नाही. पण मी घोडी पाठवली ती त्या भीतीने नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगण शांत होते. ते जागे होऊन छताकडे बघत पडले होते. मला खूप दिवसांनी गाढ झोप लागली होती.

आणि झाले काय? त्यानंतर दर चार दिवसांनी त्यांना घोडा बदलायला तुझ्याकडे यावे लागले. तुझ्याकडचे खाऊन यायचे. अंगाला तुझ्या चुलीच्या धुराचा वास यायचा. तुझ्याकडे कॅरोबचे लाकूड जाळतात, तो वास वेगळा असतो. मी काही बोलले नाही. पाठवले मीच होते.

पान वाढू नकोस.

त्रान्सितो


२४ ऑक्टोबर

ताई,

"पान तूच वाढ. मी वाढणार नाही. पीठ इथल्या गड्यांसाठी दळले होते."

बस, एवढेच? भांडली असतीस तर बरे वाटले असते. ज्याचे आपल्याजवळ भरपूर असते, तोच इतक्या सहज सोडतो.

त्रा.


एल मोयार, १ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

काल संध्याकाळी तुला मिस्तोल फाटकापाशी उभा सापडला असेल. पाठीवर खोगीर, जवळपास कोणी नाही. घाबरली असशील. त्याला मी आणले होते. काय झाले ते क्रमाने लिहिते.

परवा पिठाचा घोडा करत होते. कान नीट जमेनात. मनात आले, आज-उद्या ते येतील आणि पुन्हा त्या कॅरोबच्या झाडापाशी उभे राहतील. तेव्हा कुठे वळतील? मला हे कळायला हवे होते. म्हणून काल सकाळी मी कासियानोला सांगितले, मिस्तोलवर खोगीर चढव.

"कोण बसणार?"

"मी."

त्याने हसू दाबले. "तुम्ही शेवटच्या बसलात तेव्हा मला दात होते."

मग म्हणाला, गळदोरावर जा. मी म्हटले, लगाम घाल, मला नुसत्या दोरावर सांभाळता येणार नाही. तो म्हणाला, नको. मी विचारले का. तो घोड्याची मान खाजवत राहिला. तेव्हा मी स्वतः लगाम घ्यायला हात पुढे केला आणि मिस्तोलने तोंड फिरवले. त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात मला पांढरा वण दिसला. बोटाएवढा लांब, गालापर्यंत गेलेला. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा.

"हे काय आहे?"

"जुनं आहे."

"मागल्या वर्षी नव्हतं."

"नव्हतं," कासियानो म्हणाला.

"कोणी केलं?"

"शिवलं ताईसाहेबांनी."

"मी विचारतेय, फाडलं कोणी?"

त्याने टोपी काढून हातात धरली. ताई, आपले वडील गेले तेव्हा त्याने अशी टोपी काढली होती. म्हणाला, "मालकीणबाई, त्या दिवशी त्याच्यावर स्वार एकच होता."

अपोलिनारचा हात तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तूच म्हणायचीस की हा माणूस घोड्याला विचारतो, सांगत नाही. सहा वर्षांत त्यांनी एका घोड्याच्या ओठाला रक्त आणले नाही.

मी लगाम घातला नाही. गळदोरच घेतला. कासियानोने मला वर चढवले आणि खेचरावर बसून नदीच्या उतारापर्यंत सोबत आला. तिथे मी त्याला परत जायला सांगितले. तो लांबून मागे येत राहिला, पण मी पाहिले नाही असे दाखवले.

उतारावर मी दोर सैल सोडला.

मिस्तोल क्षणभर उभा राहिला. मग त्याने कान पुढे केले आणि निघाला. मला घोड्यातले कळत नाही, पण त्याला वाट विचारायची नव्हती एवढे कळले. कॅरोबच्या झाडापाशी आलो. उजवीकडे आपल्या घराचा धूर दिसत होता. मीच भट्टी पेटवून आले होते. मिस्तोलने तिकडे कानही वळवला नाही. सरळ चालला.

मी दोर उजवीकडे ओढला. त्याने मान थोडी वाकडी केली आणि वाकड्या मानेने सरळच चालत राहिला. मी दोन्ही हातांनी ओढले. त्याने दात दाखवले, वण ताणला गेला, आणि मग तो पळू लागला.

मी ओढायची थांबले. त्या दिवशी ते थांबले नव्हते.

तिथून तुझ्या फाटकापर्यंत मी मानेला धरून होते. अडीच कोस केवढे असतात ते मला कधी ठाऊक नव्हते. मी गाडीतून आले आहे, बोलत, पंखा हलवत. काल एकेक दगड पाहिला. मांडीला पट्टा बांधलेल्या माणसाला तिथे काय वाटले असेल, ते मी मोजत आले. अर्ध्या कोसावर उतरले असते तर पट्टा पुरला असता. गोरोसितो तसे म्हणाले नाहीत, पण म्हणायचे राहिले होते एवढेच.

फाटकाच्या अलीकडे घंटा ऐकू आली. मिस्तोल खिंकाळला आणि आतून सेनिसाने उत्तर दिले. मी उतरले. खरे म्हणजे पडले. तू मागच्या रानात होतीस, एका शिंगरावर ओरडत होतीस. आवाज आला. मला हाक मारता आली नाही. घोडा तिथेच सोडून मी चालत निघाले. झाडापाशी कासियानो खेचर घेऊन उभा होता. त्याने मला बसवले, स्वतः चालत आला.

ताई, ती उजवी वादी तुझ्याकडे आहे ना? तुटलेली असेल. आठ पेडांची वीण तुटली, म्हणजे किती ओढले असेल. ती तू आठवण म्हणून ठेवली नव्हतीस. माझ्या हाती पडू नये म्हणून ठेवलीस. आणि लगाम घालू नका म्हणून लिहिलेस ते घोड्यासाठी आणि माझ्यासाठीही.

तुला पहिल्याच दिवशी कळले होते. घोड्याचे तोंड बघून कळले असेल. एका वाक्यात तू दोन्या पेट्रोनाचे तोंड बंद केले असतेस. "तो माझ्याकडे येत नव्हता, घरी चालला होता." पण ते वाक्य बोलले की मी पुढचे विचारले असते: मग घोडा वळला का नाही? आणि त्याचे उत्तर माझ्याच अंगणातून निघाले होते, फेब्रुवारीत, गळ्यात घंटा बांधून.

साऱ्या खोऱ्याने तुझ्या नावाने कुजबुज केली. मी आपली वस्तूंची यादी पाठवत राहिले. आणि तू मिस्तोलची आयाळ विंचरून त्याला परत पाठवत राहिलीस.

मला हवे होते ते मिळाले. त्यांना माझ्याकडे यायचे होते. सहा महिने मी हेच मागत होते. आता ते हातात घेऊन बसले आहे आणि कुठे ठेवावे ते कळत नाही.

क्षमा मागायला हवी, पण ती मला नीट येत नाही, तुला माहीत आहे. शिवाय खोटे कशाला लिहू, मला तुझा हेवा अजून वाटतो. शेवटी त्यांनी तुझा चेहरा पाहिला. तू त्यांना धुतलेस. आणि एवढे सगळे पोटात ठेवून तू गप्प राहू शकलीस. मला आता त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटतो. गप्प मी असते, असे सगळे म्हणायचे.

अस्थींचे पुढे बघू. घाई नाही.

पान उद्या दुपारी आहे. लोक्रो आहे, तामाले आहेत, आणि पिठाचा घोडा. त्याचे कान तिरपे झाले आहेत, तू हसशील. मिस्तोलवर बसून ये आणि सेनिसाला बरोबर आण. मागचे घोडे आपोआप येतील. तिला मी इथेच ठेवून घेणार आहे. गोरोसितोंना घोडे लागतील तेव्हा त्यांनी इथे येऊन न्यावेत, आणि दमलेला घोडा इथे यावा. रस्त्याला लागून आहे, जवळ पडेल.

कासियानो पत्र घेऊन निघाला आहे. म्हणतो, सेनिसा आता म्हातारी झाली, वाटेत घंटेचा काच नको, काढून हातात आणू का. मी नाही म्हटले.

घंटा गळ्यातच असू दे. गवत कोंबू नकोस. कॅरोबच्या झाडापासून वाजत येऊ दे.

तुझी,
त्रान्सितो